शेख शहाता यांचा हात

नाईलच्या कालव्याकाठी, मशिदीमागच्या मोकळ्या जागेत अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध हमूदाची म्हैस, आणि तिच्यात मागून खांद्यापर्यंत हात घालून, डोळे मिटून पुटपुटणारे शेख शहाता. माजावर न येणाऱ्या म्हशीला ते मेथी, कलौंजी आणि सतापाच्या पाल्याचा गोळा चारत, अन् म्हैस पाच-सहा महिन्यांत व्यायची. म्हैस दहा महिने गाभण असते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक; पण हिशेब कुणी करीना. मी गावची जनावरांची डॉक्टर. सांगून सांगून घसा बसला होता.

"कूस मोकळी झाली," शेख म्हणाले. "गोळा आणा."

"थांबा." मी हातमोजा चढवून तपासलं. बोटांना इवलंसं खूर लागलं. "हमूदा, पिलाचं खूर लागतंय हाताला, ही आधीच गाभण आहे. म्हणून तर माजावर येत नाही. सताप देऊ नकोस, गाभ पडायची भीती असते."

हमूदा हरखला. "बघितलंत? शेखसाहेबांचा हात लागला आणि गाभण राहिली."

"सुबहानल्लाह," लोक म्हणाले. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

मागून विधवा नफीसा पुढे आली. तिच्या एकुलत्या म्हशीत जिन्न आहे, खाटकाला देऊन टाक, असं शेखांनी तिला सांगितलं होतं.

"शेखसाहेब, हात लावताच खुरं फुटत असतील, तर माझ्या म्हशीलाही लावा."

"तिच्यात जिन्न आहे, बाई."

"म्हणजे आत चाचपायचं. रेडकू लागलं की गोळा, नाही लागलं की जिन्न. असंच ना?"

कुणीतरी हसलं. शेखांनी हात पुसला, "श्रद्धा कमी पडते," म्हणाले आणि गाढवगाडीत बसले. तरीही चार-पाच जण गोळ्यांसाठी गाडीमागे धावलेच.

नफीसाच्या म्हशीला नुसते जंत होते. औषध आणि पोटभर बरसीमचा हिरवा चारा मिळाल्यावर ती माजावर आली, फळली. हमूदाने मात्र गुपचूप गोळा चारला. त्याची म्हैस गाभडली. सतापानेच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शेखांनी मात्र छातीठोकपणे सांगितलं, डॉक्टरीणबाईंची नजर लागली. आणि हमूदाने ते मानलं.

झाडपाल्याशी माझं वैर नाही. एवढंच म्हणते, औषध देण्याआधी जनावर तपासून घ्या, आणि व्यायल्यावर कुणाचा नवस फेडण्याआधी महिने मोजा.