पंपावरची पांढरी रेघ

मित्रांनो, मी एक जुने डिझेल इंजिन आहे. चार सिलिंडरांचे, वजनाने भारी आणि आवाजाने त्याहून भारी. माझ्या आवाजावर लोकांनी आयुष्यभर तोंडसुख घेतले, पण मी ते कधी मनाला लावून घेतले नाही. मला माझा आवाज आवडतो. माझी ही गोष्टसुद्धा आवाजाचीच आहे.

कारखान्यातले बालपण मला फारसे आठवत नाही. माझे खरे आयुष्य पावाच्या गाडीत सुरू झाले. ती चालवणाऱ्यांना सगळे पाववाले काका म्हणत. थंडीत पहाटे मी कुरकुर करू लागलो, तरी ते रागावत नसत. बॉनेटवर हात ठेवून "चल बाबा, लोक उपाशी आहेत" एवढेच म्हणत, आणि मग मला उठावेच लागे. बावीस वर्षांत मी एकदाही भररस्त्यात बसकण मारली नाही. आमच्या घरात वेळेवर उठणारा हा एकटाच, असे काका सगळ्यांना सांगत.

पण गाडीच्या पत्र्याची गंजून चाळण झाली. शेवटी शेवटी तर काकांना पायाखालचा रस्ता दिसू लागला. गाडी भंगारात निघाली तेव्हा मिस्त्रींनी मला वाचवले. मिस्त्री आणि त्यांची लेक, जिला सगळे ताई म्हणतात, दोघेच आमचे गॅरेज चालवतात. पत्रा गेला तरी हा अजून धडधाकट आहे, असे म्हणून मिस्त्रींनी मला कोपऱ्यात दोन फळ्यांवर ठेवले आणि वर गोणपाट टाकले. तिथे मी चार वर्षे होतो. फार वाईट वाटे. कुणी हाक मारत नाही, कुणी शिव्यासुद्धा देत नाही. नंतर एक मांजर पिल्ले घेऊन माझ्यावर राहायला आली, तेवढीच सोबत.

मग एक दिवस ग्रंथपाल बाई आल्या. त्यांच्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीचे इंजिन तडकले होते. चढावरच्या शाळेतल्या मुलांना दर सोमवारी पुस्तके मिळत, ती याच गाडीतून. दोन सोमवार चुकले होते. तिसरा चुकला तर गाडी कायमची बंद, असे वरून सांगून झाले होते. मिस्त्रींनी गोणपाट उचलले, मांजरीला अलगद बाजूला ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. अंगात थेंबभर डिझेल नसतानाही मला सुरू व्हावेसे वाटले.

एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत बसवणे सोपे नसते. मला तर दुसऱ्याच्या चपला घातल्यासारखे झाले. मिस्त्रींनी चपलांच्याच खोक्याचा पुठ्ठा कापून मापे घेतली आणि त्यावरून ताईने मला धरून ठेवणारे लोखंडी ब्रॅकेट बनवले. माझ्या तळाची तेलाची टाकी गाडीच्या आडव्या दांडीवर आपटत होती, ती कापून पुन्हा जोडली. गिअरबॉक्सशी माझे मुळीच जमेना. तेव्हा आमच्या दोघांमध्ये एक जाड चकती घालून त्यांनी आमची समजूत काढली.

शनिवारी ट्यूनिंग तेवढे उरले. डिझेल नेमके कोणत्या क्षणी आत फवारायचे, हे माझा पंप ठरवतो. तो केसभर इकडेतिकडे फिरवला, तरी माझा स्वभाव बदलतो. फार पुढे नेला तर आत ठोके बसतात, आणि तसेच मला चढावर नेले तर पिस्टन फुटू शकतो. मिस्त्री हे काम निव्वळ कानाने करीत. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरचे टोक माझ्या अंगाला, मूठ त्यांच्या कानाला. आवाज जुळला, की पंप आणि माझे अंग यांच्या सांध्यावर ते पांढऱ्या रंगाची आडवी रेघ ओढत. ती त्यांची सहीच होती.

त्या दिवशी त्यांनी ती रेघ चुकीच्या जागी ओढली. माझ्या डोक्यात घण पडत होते आणि त्यांचा चेहरा मात्र शांत. तेव्हा मला कळले, की मिस्त्रींना माझे ठोके ऐकूच येत नाहीत. ताईला येत होते. ते चहाला गेले, तसा तिने गुपचूप पंप मागे घेतला.

मिस्त्री परत आले. पाहतात तर रेघेचे दोन तुकडे झालेले. नट ढिले राहिले वाटते, असे पुटपुटत त्यांनी पंप पुन्हा रेघेला आणला. दुपारी ताईने तो पुन्हा मागे घेतला, संध्याकाळी यांनी पुन्हा पुढे नेला. मी बिचारा दिवसभर बरा होऊन आजारी पडत होतो. शेवटच्या वेळी मात्र मिस्त्रींचा हात थबकला. पंपाचे नट पुसून लख्ख केलेले होते. नट पुसायची सवय ताईची. मिस्त्रींनी उभ्या जन्मात नट पुसला नव्हता. तरीही त्यांनी पंप आपल्या रेघेला लावला आणि ते हात धुवायला गेले.

आमच्या गॅरेजची एक रीत आहे. इंजिन नव्या गाडीत गेले, की पहिली चावी जुन्या चालकाने फिरवायची. सोमवारी सकाळी पाववाले काका काठी टेकत आले. बाईंनी पुस्तकांची खोकी भरून ठेवली होती. काकांनी बॉनेटवर हात ठेवला, आत बसून चावी फिरवली, आणि मी सुरू होताच त्यांचा चेहरा उतरला.

"आवाज याचाच आहे," ते हळूच म्हणाले, "पण याचं काहीतरी दुखतंय."

मिस्त्रींना ते ऐकू गेले नाही. कौतुकच केले असणार असे समजून त्यांनी हसून मान डोलावली. ते पाहून ताईचे डोळे भरून आले. तिने काकांना मला बंद करायला लावले आणि ती बाबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, पंप पुढे गेलाय. ठोका येतोय."

"मला नाही येत ऐकू," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी विचारले, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही स्क्रूड्रायव्हर खाली ठेवाल म्हणून."

आणि त्यांनी तो खरोखरच खाली ठेवला. बाई उगाचच लावलेली पुस्तके पुन्हा लावू लागल्या. मला वाटले, संपले. माझेही आणि मिस्त्रींचेही.

ताईने स्क्रूड्रायव्हर उचलला, मूठ पुसली आणि बाबांच्या हातात दिली. कानाला नको, दातांत धरा, म्हणजे ठोका हाडांतून पोचेल, असे ती म्हणाली. काकांनी मला पुन्हा सुरू केले. टोक माझ्या अंगाला लागले आणि मिस्त्रींचे डोळे विस्फारले. कानाने जे कधीच सोडून दिले होते, ते दातांना समजले होते. ताईने नट सैल केले. पंप केसभर मागे आला, मग आणखी केसभर. माझ्या डोक्यातले घण थांबले. मिस्त्रींनी बोट वर केले, त्याच क्षणी ताई "बस" म्हणाली.

मिस्त्रींनी रंगाची कुंचली घेतली. पंपावरची अर्धी रेघ त्यांनी ओढली आणि कुंचली लेकीला दिली. माझ्या अंगावरची अर्धी तिने ओढली. त्या दिवशी मी चढ चढलो, तेव्हा शाळेच्या फाटकाशी मुले उभी होती. माझा आवाज त्यांना लांबूनच ऐकू आला होता.

मित्रांनो, इंजिनाचे तेल वेळेवर बदला, त्याला गोणपाटाखाली विसरू नका, असे मी सांगणार होतो. ते तर कराच. पण तुमच्या घरात कुणी "काय म्हणालास?" असे दोनदा विचारत असेल, तर "काही नाही, जाऊ द्या" म्हणून निघून जाऊ नका. समोर उभे राहा आणि पुन्हा सांगा. ताईने दोन वर्षे लावली. तुम्ही इतका वेळ लावू नका.