कुटुंबीय वगळून

अंजनाबाई दुपारच्या पोळ्या लाटताना नवऱ्याशी बोलायच्या. कृष्णरावांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये झाली, आणि निवृत्तीनंतर सेक्टर ६ मधलं क्वार्टर लीजवर घेऊन दोघं तिथंच राहिली. एकुलता एक मुलगा गौरव पुण्याला कंपनीत होता. कृष्णराव हयात असताना जेवायच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसायचे आणि बायको सांगेल ते ऐकायचे. ते गेले तरी अंजनाबाईंचं सांगणं थांबलं नाही. त्यांना भ्रम झाला नव्हता. उत्तर येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण दिवसभराचं मनात साचलेलं कुठंतरी ओतावं लागतं.

"ऐकता का जी," त्या म्हणायच्या, "गुडघा लय दुखून राहिला. काल कोहक्याले कौशल्याकडं गेली होती, तिच्या घरचा जिना चढवला नाई."

फोन तिथंच, पिठाच्या डब्याला टेकून उभा असायचा. बाथरूममध्ये चक्कर येऊन त्या पडल्या होत्या, तेव्हा गौरवनं तो आणून दिला होता. "आई, हा नेहमी तुझ्याजवळ ठेवायचा. किचनमध्ये पण. प्रॉमिस कर," असं त्यानं बजावलं होतं. त्याला आपली काळजी आहे, याचं त्यांना बरं वाटलं होतं.

एकदा भाजीबाजारात त्या दोडक्यांचे पैसे द्यायला फोन काढत होत्या. स्क्रीनवर अचानक काळा पडदा आला, त्यावर एक तेवणारा दिवा, आणि खाली हिंदीत मोठी अक्षरं:

"क्या आप अपने स्वर्गीय पति से बात करती हैं? अब वे जवाब भी देंगे."

अंजनाबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. दोडके रस्त्यावर घरंगळले. त्यांनी कोपऱ्यातली फुली दाबली, तर दुसरी जाहिरात उघडली, गुडघ्याच्या तेलाची. ती बंद केली, तर पुन्हा तोच दिवा. भाजीवाली म्हणाली, "अम्मा, क्या हुआ?" अंजनाबाईंनी फोन पदराखाली लपवला. आपण नवऱ्याशी बोलतो हे त्यांनी या जगात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

घरी जायच्या आधी त्या कोहक्याच्या वस्तीत कौशल्याकडे गेल्या. ती छत्तीसगढी, त्यांची जुनी मैत्रीण. "तुह्या फोनात अशा जाहिराती येतात काय?" त्यांनी विचारलं. नक्की कशा, ते सांगायची हिंमत झाली नाही.

"मोर फोन मा तो साड़ी के आथे, दीदी," कौशल्या हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नूतनला बोलावलं. नूतन त्यांच्या शेजारच्या क्वार्टरात लहानाची मोठी झाली होती. आता लग्न होऊन दुर्गच्या पद्मनाभपुरात राहायची आणि दुर्गच्या कोर्टात वकिली करायची. त्या दिवसांत ती याच विषयात बुडालेली होती. लोकांच्या फोनवर पाळत ठेवणारी ॲप आणि अंगावर येणाऱ्या जाहिराती यांना आवर घालण्यासाठी एक विधेयक संसदेत आलं होतं. त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला खासदारांची समिती रायपूरला येणार होती, आणि नूतन तिथं बोलणार होती.

तिनं बराच वेळ फोन चाळला. मग तिचा हात थांबला.

"काकू, यात एक ॲप लपवलेलं आहे. बाहेर दिसतच नाही. पण माइक त्याच्या ताब्यात आहे. तुम्ही घरात जे बोलता, ते सगळं बाहेर जाऊन राहिलं. फुकटचं ॲप आहे, म्हणून ऐकलेलं ते जाहिरातवाल्यांना विकतं."

"कोणी टाकलं?"

नूतननं फोन त्यांच्यापुढे धरला. "ज्याच्या नावानं चालू आहे, त्याचा हा ईमेल. ओळखता?"

अंजनाबाईंनी चष्मा लावला. अक्षरं एकेक करून वाचली. पुन्हा वाचली.

"हा तं आमच्या गौरवचा हाय," त्या म्हणाल्या. मग लगेच, "त्यालेच कोणीतरी फसवलं असन, वं."

अंजनाबाईंनी नूतनसमोरच गौरवला फोन लावला.

"गौरव, माह्या फोनात तूनं काय टाकलं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आई, सुन तो. ते सेफ्टीसाठी आहे. तू पडली होतीस ना. पुन्हा पडलीस आणि कोणाला कळलंच नाही तर?"

"त्यातून आवाज ऐकू येते?"

"हां... येतो."

"तू ऐकतं?"

"रोज नाही. दुपारी. तू बोलत असतेस तेव्हा."

"काय ऐकलं?"

"सब कुछ, आई." त्याचा आवाज एकदम फाटला. "बाबा दवाखान्यात दाराकडे बघत राहिले, गौरव आला काय म्हणून विचारत राहिले, ते ऐकलं. मी मीटिंग सोडून निघालो नाही, म्हणून तू मला कधीच माफ करणार नाहीस, हे तू बाबांना सांगितलंस. ते पण ऐकलं."

अंजनाबाईंनी फोन तसाच चालू ठेवला, मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडावर नेऊन ठेवला आणि आत येऊन दाराला कडी लावली. "हॅलो, आई, हॅलो," असा बारीक आवाज बाहेरून येत राहिला.

त्या जमिनीवर बसल्या. नूतननं पाणी दिलं, ते त्यांनी नुसतं हातात धरलं. गेल्या कित्येक महिन्यांत आपण काय काय बोललो, ते एकेक आठवू लागलं. सुनेबद्दलचं. आपल्या आजारपणातलं, जे डॉक्टरीणबाईंनाही धड सांगितलं नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट, जी फक्त नवरा-बायकोतच राहायची असते.

"अंगावरचं लुगडं कोणी ओढलं असतं तं हातानं झाकता तरी आलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "आता काय झाकू, नूतन?"

काही दिवसांनी त्यांनीच विचारलं, "तुह्या त्या नव्या कायद्यात याची शिक्षा हाय काय?"

नूतननं मसुदा उघडला. जाहिरात बंद करायला सरळ बटण असलं पाहिजे, हे त्यात होतं. चोरून ऐकलेलं विकणाऱ्या कंपन्यांना दंड होता. मग तिनं अकरावं कलम दाखवलं. एखाद्याच्या परवानगीवाचून त्याच्यावर पाळत ठेवणं हा गुन्हा, पण काळजीपोटी हे करणारे कुटुंबीय वगळून.

"म्हणजे पोरगा सुटला," अंजनाबाई म्हणाल्या. "आणि पोरगी, सून, नवरा, सासरा, सारेच सुटले."

"हो, काकू."

"मंग मी येतो तुह्यासंगं रायपूरले."

"तिथं सगळ्यांसमोर बोलावं लागेल. गौरवचं नाव निघेल."

"नाव नाई सांगत. मी नुसतं 'माहा पोरगा' म्हणतो."

पुरावा म्हणून नूतननं ॲप फोनमध्ये तसंच ठेवायला सांगितलं होतं. अंजनाबाईंनी तो टॉवेलात गुंडाळून स्टीलच्या डब्यात बंद केला होता, आणि तसाच रायपूरला नेला.

सभागृहात वकील होते, कंपन्यांची माणसं होती. समितीचे अध्यक्ष वयस्क आणि मृदू बोलणारे होते. अंजनाबाईंनी आपल्या कामचलाऊ हिंदीत झालं ते सांगितलं. मग डबा उघडून फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला. अध्यक्षांनी तो उचलला. काळ्या पडद्यावरचा दिवा आणि ते वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबले. फुली दाबली, दुसरी जाहिरात आली. तीही दाबली. शेवटी त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"माताजी," ते म्हणाले, "बेटे ने चिंता में किया. क्या आप चाहेंगी कि उसे जेल हो?"

अंजनाबाईंनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. नूतनला वाटलं, आता त्यांना रडू फुटणार.

"नहीं साहब," त्या म्हणाल्या. कंपन्यांच्या रांगेतला एक जण समाधानानं मागे टेकला. "पर उसने मुझको पूछा नहीं. पूछता तो मैं शायद हाँ बोल देती. वो मेरा बेटा है, मैं उसकी माँ हूँ, पर मैं अपनी भी तो हूँ. और ये दुकानवाले! मैंने अपने मरे आदमी को जो बोला, वो सुनके ये मेरा ही आदमी मुझे बेच रहे हैं."



त्याच आठवड्यात गौरव न सांगता आला. बॅग व्हरांड्यात ठेवून उंबऱ्याबाहेरच बसला. आईनं आत ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

"आई, ते विकतात हे मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"ऐकाचं तं माहीत होतं."

"ऑफिसात डबा उघडायचो तेव्हा लावायचो. तुझ्या लाटण्याचा आवाज, तुझं बोलणं. घरात बसून जेवतोय असं वाटायचं. मग एक दिवस माझं नाव आलं. त्यानंतर बंद करायचं ठरवलं, पर हुआ नहीं."

"फोन करून विचारलं काहून नाई मले?"

"डर लगता था."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. कानशिलाजवळचे त्याचे केस पांढरे झाले होते. तो दवाखान्यात वेळेवर पोचला नव्हता याचा राग अजून होता. या नव्या गोष्टीचा त्याहून मोठा होता. दोन्ही त्यांनी त्याला तोंडावर सांगितले, एकेक करून, आवाज न चढवता. तो ऐकत राहिला. सांगून झाल्यावर त्या आत गेल्या आणि त्याचं ताट वाढलं.

जाण्यापूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं ॲप काढलं. नूतननं ते तपासून बघितलं.

पुढं समितीचा अहवाल आला. अकराव्या कलमातली कुटुंबीयांची सूट काढावी, सज्ञान माणसाची स्वतःची परवानगी असल्याखेरीज कुणालाही पाळत ठेवता येऊ नये, अशी शिफारस त्यात होती. विधेयक अजून संसदेतच आहे. ते ॲप बंद झालं आणि दुसऱ्या नावानं पुन्हा निघालं, असं नूतन सांगते. अंजनाबाईंच्या स्वयंपाकघरात आता बोलणं नसतं. एकदोनदा त्यांनी तोंड उघडून पाहिलं, पण पहिल्या शब्दालाच नजर खिडकीकडे, मग दाराकडे गेली.

गौरव रोज दुपारी फोन करतो. त्या कधी उचलतात, कधी वाजू देतात. उचलला नाही, तर आई कुठं आहे, काय करते, हे तो नूतनला किंवा शेजाऱ्यांना विचारत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा करतो.