घटावरचं कासव

गोरोबा कुंभारानं चाकाच्या खाचेत काठी रोवली आणि गरागरा फिरवून ती बाजूला टाकून दिली. चाक आता आपलं आपणच फिरत होतं. मधोमध बसवलेल्या काळ्या मातीच्या गोळ्यात त्यानं दोन्ही अंगठे घातले आणि चारुशीलेच्या डोळ्यांदेखत तो गोळा वर आला, पोटाशी फुगला, गळ्याशी आवळला. दोऱ्यानं बूड कापून गोरोबानं मडकं खाली ठेवलं, तरी ती श्वास रोखूनच उभी होती. आली होती रांजण घ्यायला. रांजणाचं साफ विसरून गेली.

"मला शिकवाल का हे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

गोरोबा हसला. त्यानं बायकोकडं पाहिलं. विठाबाई भिंतीच्या सावलीत शेगडी लिंपत बसली होती.

"चाकाला आमच्यात बाया हात लावत न्हाईत, वैनीबाई," ती म्हणाली. "पर हातानं घडवायचं समदं मीच करते. चुली, शेगड्या, कणग्या. ते शिकायचं आसंल तर बसा."

चारुशीला तिथंच पदर खोचून बसली. भूमच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाची बायको, तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरची सून, कुंभारवाड्यात मातीत हात घालून बसली, ही बातमी दिवेलागणीच्या आत घरी पोचली. गाव लहान होतं आणि बातमी चविष्ट होती.

"उद्या कचेरीतून येताना एखादं गाढव बघून येऊ का?" नारायणरावांनी जेवताना विचारलं. ते चेष्टा करत होते. सासूबाई करत नव्हत्या.

"आंघोळ केल्याशिवाय माजघरात यायचं नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि जपाची माळ घेऊन भिंतीकडं तोंड करून बसल्या. मामंजी गेल्यापासून त्या फारशा बोलतच नसत. कधीकाळी तुळजापुरात त्यांच्या अंगणातली रांगोळी बघायला आळीतल्या बायका थांबायच्या असं म्हणत. चारुशीलेनं मात्र त्यांना रांगोळीच्या डब्याला हात लावताना कधी पाहिलं नव्हतं.

माती कशाला शिकायची, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणाला पटलं असतं कोण जाणे. तिची आई गेल्या माघात ईटला, तिच्या माहेरच्या गावी, वारली. आईच्या हातात कला होती. तिला सगळा गाव मानायचा. भिंतीवर नागोबा काढायला, लग्नात रुखवतावर चित्रं रेखायला आईलाच बोलावणं यायचं. आणि रोज पहाटे दारात ती रांगोळीचं एक कासव काढायची. शेपटीपासून सुरू करायची, चिमूट न उचलता सगळं अंग फिरून यायची, चार पाय, डोकं, पाठीवरची जाळी, आणि शेवटी पुन्हा शेपटीलाच येऊन मिळायची. असं कासव चारुशीलेनं दुसऱ्या कुठल्याच दारात पाहिलं नव्हतं. आई गेल्याचं कळून ती ईटला पोचली, तेव्हा दारातलं शेवटचं कासव माणसांच्या पायांखाली गेलं होतं. उंबऱ्याच्या कोपऱ्याला त्याचा एक पाय तेवढा उरला होता. ती बघत होती, तोवर कुणीतरी शेणाचा हात फिरवला आणि तोही गेला.

एवढ्या हाताचं काहीच कसं उरू नये, हे तिच्या काळजात रुतून बसलं होतं. आणि गोरोबाच्या अंगणात ती पाहत होती की आगीतून गेलेली माती उरते. उकिरडा उकरला तरी खापरी निघते, ती कुजत नाही की विरत नाही.

मग ती दुपारची जाऊ लागली. तळ्याची माती चाळायची, त्यात लीद आणि राख मिसळायची, पायानं तुडवायची. विठाबाई हाताखाली घेऊन दाखवायची. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकीवर एक चढवायच्या, सांधे बोटानं पुसायचे. आतून दगड धरून बाहेरून लाकडी थापीनं ठोकायचं. पहिलं मडकं ठोकतानाच बसलं. दुसरं भट्टीत तडकलं आणि सोबत विठाबाईच्या दोन शेगड्याही घेऊन गेलं. चारुशीलेला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

"आवो, माझ्या सासूनं तर मला पयल्या साली भट्टीजवळ उभंसुदिक केलं न्हवतं," विठाबाई म्हणाली. "तुमचं लवकर तडकलं. चला, माती घ्या."

तिसरं उभं राहिलं. एका कुशीला जरा जड होतं, काठ सरळ नव्हता, पण उभं राहिलं. ते ओलसर असतानाच चारुशीलेनं बाभळीचा काटा घेतला. शेपटीपासून सुरू केलं. तिनं काटा मध्ये उचलला नाही. सगळं अंग फिरून रेघ शेपटीला येऊन मिळाली तेव्हा विठाबाई हातातलं काम टाकून जवळ आली. तिनं आपल्या मातकट बोटानं नुसत्या हवेत त्या रेघेचा माग काढला.

भट्टी उघडली ती सकाळची. राख बाजूला होत गेली आणि काळी गेलेली मडकी तांबडीलाल होऊन एकेक बाहेर आली. चारुशीलेचं मडकं निघालं. कासव शाबूत होतं. तिनं ते पदरात धरलं तेव्हा ते अजून कोमट होतं, आणि तिला रडू आलं. आता आईचं कासव कुणाच्या पायांखाली जाणार नव्हतं.

घरी आणून तिनं त्यात पाणी भरलं आणि फळीवर ठेवलं. संध्याकाळी फळीवर ओल उतरली होती.

"पाझरतंय," सासूबाई म्हणाल्या. पावसाळ्याचे चार महिने त्यांनी त्या मडक्याविषयी उच्चारलेला हा एकच शब्द.

थापी नीट बसली नव्हती, भिंत घट्ट झाली नव्हती, हे चारुशीलेलाही कळत होतं. तिनं पाणी ओतून टाकलं आणि मडकं कोरडंच फळीवर ठेवलं. तिला ते पाण्यासाठी नकोच होतं. येता-जाता ती त्या कासवावरून बोट फिरवायची.

नवरात्र आलं. गोरोबानं नेहमीसारखा घट आणून दिला. देवघरासमोर पत्रावळीवर काळ्या मातीचा थर पसरला, त्यात गहू आणि जवस पेरला, आणि नारायणराव सोवळ्यानं घट मांडायला बसले.

"तो राहू दे, नारायणा," मागून सासूबाई म्हणाल्या. "फळीवरचं घे."

नारायणरावांनी आधी आईकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"घटानं पाझरायला पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. "मडकं पाझरलं तर रान उगवतं. ते चांगलं पाझरतं."

चारुशीलेनं फळीवरच्या कासवाकडं पाहिलं. घट बसवला की दसऱ्याला तो नदीत सोडायचा, हे तिला काय सांगायला हवं होतं? देवीपुढं कुणी नाही म्हणत नाही. आणि सासूबाईंनी सुनेच्या हातचं देवघरात मागून घेतलं, याला नाही तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं? तिनं फळीवरून मडकं उतरवलं, धुतलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. कासव समोर येईल असं त्यांनी ते मातीवर टेकवलं.

तिसऱ्या दिवशी मातीला भेगा पडल्या. चौथ्या दिवशी त्या भेगांतून पांढरे कोंब वर आले. आणि मग ते रान असं वाढलं की बघत राहावं. मडक्याच्या अंगातून घाम यावा तसं पाणी झिरपत होतं आणि चहूबाजूंनी गव्हाची हिरवी पाती उठत होती. शेजारच्या कमलबाई हात जोडायला आल्या आणि जोडलेले हात खाली घ्यायला विसरल्या. वर छताला बांधलेल्या दोरीवरून रोज एक माळ घटावर चढत होती. सासूबाई दिवसभर घटासमोर जपाला बसून असत. भिंतीकडं केलेलं तोंड त्यांनी इकडं वळवलं, एवढंही चारुशीलेला पुरेसं वाटलं.

दसऱ्याला नारायणरावांनी टोपीत रान खोवलं. घट मात्र चारुशीलेनं स्वतः नदीवर नेला. पाण्यात उतरून तिनं त्यावरच्या माळा सोडल्या, कासवावरून एकदा बोट फिरवलं आणि मडकं सोडून दिलं. ते थोडं तरंगलं, कलंडलं, गुडगुड करून खाली गेलं. पाणी पुन्हा सारखं झालं. दुसरं मडकं घडवता येईल, असं घरी येताना नारायणराव म्हणाले; तिनं मान हलवली, पण तिला ते खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला उठायला उशीर झाला. सडा घालायचा राहिला म्हणून ती लगबगीनं बादली घेऊन दारात आली आणि बादली हातातच राहिली.

सडा पडलेला होता. ओल्या अंगणात, उंबऱ्यासमोर, पांढरं कासव होतं. रेघ वाकडी होती, मध्ये दोनदा तुटली होती, पाठीवरची जाळी एकीकडं कलली होती. पण ते तेच होतं. शेपटीपासून निघालेलं. त्याला तीन पाय होते.

सासूबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. रांगोळीचा डबा मांडीवर होता आणि बोटं पांढरी झाली होती. त्यांनी वर पाहिलं नाही.

"चौथा पाय कसा काढायचा गं?" त्या म्हणाल्या. "नऊ दिवस त्याच्यावर माळ होती. मला दिसलाच नाही."

चारुशीलेनं बादली खाली ठेवली. ती सासूबाईंच्या शेजारी उकिडवी बसली, डब्यातली चिमूट घेऊन तिनं ती त्यांच्याच बोटांत दिली आणि वरून आपला हात धरला.

"शेपटीपासून निघायचं," ती म्हणाली. "आणि मध्ये उचलायचं नाही."