मामाच्या घरची माणशी मिळकत

"अमेरिकेइतका गरीब देश पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नाही," रुद्रय्या सरांनी जाहीर केलं.

सर कोल्हापुरातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. स्वतः ते पश्चिमेला गगनबावड्यापर्यंत जाऊन आले होते, आणि तिथंही पावसानं धरल्यामुळं दुपारच्याच एस.टी.नं परतले होते. पण संताप अस्सल होता. साल एकोणऐंशी. धाकट्या बहिणीच्या, गौराबाईच्या सोप्यात पेठ वडगावचे शिवय्या आपल्या मुलासाठी होकार न्यायला बसले होते. मुलगा अमेरिकेत इंजिनिअर. आठवड्यापूर्वी येऊन गौराबाईच्या निलाला बघून, पसंत करून गेलेला. आणि निला तर पाळण्यात होती तेव्हापासून सरांच्या मुलाची, इराण्णाची. त्यांच्यात बहिणीच्या लेकीवर पहिला हक्क मामाच्या घराचा, तो कुणाला लिहून ठेवावा लागत नाही.

"दीड हजार डॉलर पगार हाय," शिवय्या म्हणाले. "आठानं गुणा की सर. म्हैन्याला बारा हजार रुपयं."

"का गुणायचं आठानं?" सर म्हणाले. "पावणं, तुमचा लेक पगार घेऊन वडगावच्या बाजारात येतोय काय कोथिंबीर घ्यायला? तिथं मिळवतोय, तिथंच खातोय. तिथं डॉलरला जे येतं, ते हितं तीन रुपयांत येतं. तिनानं गुणा."

"साडेचार हजार," शिवय्या जरा खालच्या आवाजात म्हणाले.

सरांना आता थांबवणं अवघड होतं. "हाच अन्याय चाललाय आपल्यावर. बँकेच्या भावानं मोजायचं आणि जगाच्या तक्त्यात छापायचं की हिंदुस्थानचा माणूस वर्षाला पावणेदोनशे डॉलरवर जगतो. अरे, एवढ्यावर अमेरिकेत कोण म्हैनाभर तरी जगेल का? मग आपण काय मेलो? इथं न्हावी दाढी करतो ती दाढी नव्हे? बाळंतीण सुटते ती सुटत नाही? स्वस्त मिळतं म्हणून आम्ही भिकारी, आणि महाग पडतं म्हणून ते श्रीमंत. लाज वाटाय पाहिजे मोजणाऱ्यांना."

"साडेचार तर साडेचार," गौराबाई म्हणाली. "अण्णा, आपल्या इराण्णाला किती मिळत्यात?"

"सातशे."

गौराबाई पानाला चुना लावत होती. लावतच राहिली.

"एकट्याचा पगार बघून संसार ठरवतीस व्हय?" सर सावरले. "घराचं बघ. माझे अठराशे, पोराचे सातशे, उसाचे म्हैन्याला दोन हजार धर. साडेचार हजार. अमेरिका आणि आम्ही बरोबरीत."

"बरोबरीत हाय की हो," शिवय्या चकित होऊन म्हणाले. सरांच्या हिशेबाएवढा धाक त्यांना डॉलरचाही वाटला नव्हता.

तेवढ्यात आतल्या दारातनं निला म्हणाली, "मामा, माणशी किती?"

निला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, सरांच्याच वर्गात होती.

"तुम्हीच शिकवलंय, देशाची एकूण मिळकत बघून हुरळायचं नाही, डोक्यांनी भागायचं. तुमच्याकडं दहा डोकी."

"आजीलाबी डोकं धरतीस? अर्धी भाकरी खाती ती."

"तान्हं मूलसुद्धा एक धरायचं, असं तुम्ही वर्गात म्हणाला होतात. म्हणजे माणशी साडेचारशे. तिकडं दोघंच, माणशी सव्वादोन हजार. आणि मी तुमच्याकडं आले तर तुमची सरासरी आणखी उतरतीय, मामा. मला ते बरं वाटणार न्हाई."

शिवय्या हसले ते पोट धरून. "सर, पोरगी तयार केलीया की वो तुम्ही."

सर उठले. टोपी घातली. "सात पिढ्या बहिणीची लेक भावाच्या घरात आली. कुणी भागाकार केला नाही. आज केलात. करा. माझ्या हक्काला तुमच्या हिशेबात किंमत नाही, तर या घराचा उंबरा मी पुन्हा चढणार नाही."

"अण्णा, पोरीच्या मनात हाय," गौराबाई हळूच म्हणाली.

सर पायरीवर चपला घालत होते. एक पाय घातला, दुसरा घालेनात. निलाकडं न बघता त्यांनी विचारलं, "खरंच हाय मनात?"

"व्हय, मामा."

सरांनी दुसरी चप्पल पायानं सरळ केली.

"लग्नात मामाला मानाचा फेटा असतोय," ते म्हणाले.

"हाय की. त्यो कुठं जातोय?" गौराबाई म्हणाली.

"जरीचा आणू नका. कानाला टोचतोय. सुती बघा, मऊ."