चाकाखालची उटी

"ताकद तिच्या गाडीची जास्त, वळायला माझी सोपी. आता काय लिहायचं ते लिहा," लामाविन म्हणाला.

फिलिपिन्समधल्या बोन्तोकच्या घाटात यापुढे गावाची एकच जीपनी, माणसं आणि माल नेणारी गाडी, धावणार होती. दुसरी भंगारात जाणार. एक लामाविनची, दुसरी त्याच्या मेलेल्या भावाची. ती आता भावाची मुलगी जोसेफा चालवायची. दोन्ही गाड्या चाळिशी उलटलेल्या. गावच्या वाहतूक संस्थेच्या चिटणिसाने कागदावर दोन रकाने आखले होते. लामाविनची साठ अश्वशक्तीची, माणसं अठरा, लिटरला आठ किलोमीटर. जोसेफाची नव्वदची, माणसं चोवीस, लिटरला सहा. पण लांबीमुळे कड्याच्या वळणावर एकदा मागे घ्यावी लागे.

"काका, आठ उताराला मोजलेत. चढाचे सांगा की," जोसेफा म्हणाली.

जमलेले लोक हसले. लामाविन हसला नाही. बत्तीस वर्षं त्याने ही गाडी चालवण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

अखेर चिटणिसाने दोन्ही गाड्यांत कोबीची सारखी पोती भरायला लावली, आणि वळणावर भर चढात थांबून पुन्हा निघायला सांगितलं.

आधी लामाविनची गाडी थांबली. तशी त्याची बायको उरसुला मागच्या पायरीवरून उतरली आणि गाडी मागे सरकू नये म्हणून तिने चाकामागे लाकडी ठोकळ्याची उटी सारली. गाडी हलली, तिने उटी उचलली, लंगडत धावली, पायरी धरली. जोसेफाची गाडी नुसत्या ब्रेकवर उभी राहिली. तिच्या चाकामागे कोणी उतरलं नाही.

चिटणिसाने विचारलं, "तुमचा ब्रेक चढाला धरतो ना?"

"धरतो की. बत्तीस वर्षांत गाडी वीतभर मागे गेली नाही."

हे त्याला अगदी खरं वाटत होतं. बोलता बोलता त्याची नजर उरसुलाकडे गेली. ती रस्त्याकडेला बसून गुडघा चोळत होती. मांडीवर उटी होती.

लामाविनने उटीकडे पाहिलं, मग आपल्या गाडीच्या मागच्या चाकाकडे.

"जोसेफाची लिहा," तो म्हणाला, आणि त्याने किल्ली चिटणिसाच्या हातात दिली.

परतताना दोघं नवराबायको जोसेफाच्या गाडीत बसली. कड्याच्या वळणावर तिने गाडी मागे घ्यायला थांबवली, तशी उरसुला उटी घेऊन खाली उतरलीसुद्धा.

"काकू, बसा. हिला लागत नाही ती."

उरसुला दोन्ही हातांत उटी धरून तिथेच उभी राहिली. लामाविन उतरला. त्याने उटी तिच्याकडून घेतली, पहिल्यांदाच. वाटली होती त्याहून ती कितीतरी जड होती.