जागेची अडचण

ग्लेनिसने ख्रिसमसच्या सामानाचा खोका माळ्याच्या तोंडाशी ओढला आणि खाली न बघताच सोडून दिला. शिडीखाली उभ्या असलेल्या विल्फने तो कसाबसा छातीवर झेलला.

"अगं, जीव घेतेस का काय! आधी सांगायचं तरी."

"सांगितलं होतं. तुझं लक्ष कुठं असतं? हा पुढचा घे. जड आहे."

"यात काय भरलंयस, दगड?"

"आईच्या बश्या."

"म्हणजे दगडच," विल्फ म्हणाला आणि धापा टाकत खोका भिंतीशी लावायला वळला.

दोघं सख्खी भावंडं. ती सदुसष्टची, तो त्रेसष्टचा. मधली काही वर्षं ग्लेनिसने दुसरीकडे संसार केला, तेवढीच वजा करायची. बाकी ज्या घरात जन्मली त्याच घरात म्हातारी झाली. चढावरच्या रांगेतलं दगडी घर, खाली दोन खोल्या, वर दोन. वरची पुढची तिची, मागची विल्फची. भांडायला दोघांना एवढी जागा पुष्कळ होती.

पण आता टॅबिथाची सोय करायची होती. टॅबिथा म्हणजे ग्लेनिसच्या जोआनची लेक. जोआन नोव्हेंबरात गेली, दारूने गेली. पोर तर दोन वर्षांची असल्यापासूनच कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, दुसऱ्या एका कुटुंबात सांभाळायला ठेवलेली; आता चार पुरी झाली होती. जोआनला पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ग्लेनिसने अर्ज केला, नात मला द्या. जानेवारीत कौन्सिलची इमोजेन घर बघायला आली. चांगली मुलगी. चहा प्यायली, दोन बिस्किटं खाल्ली, वरच्या खोल्यांत डोकावली आणि निघताना कोट घालता घालता म्हणाली, "किती ऊबदार घर आहे हो तुमचं. जागा तेवढी थोडी कमी पडतेय, नाही का?"

जागाच ना? मग जागा करू! ग्लेनिसने आठवड्याच्या आत माळ्याची खोली करून देणारा माणूस गाठला. दोन मार्चला येतो म्हणाला, सहा आठवड्यांत खोली देतो. कोर्टाची तारीख अठरा एप्रिल. बसत होतं सगळं, अगदी नेमकं बसत होतं. त्याआधी माळा रिकामा करून ठेवायचा, तुळयांमधलं थंडी अडवायला घातलेलं जुनं लोकरीचं अस्तर उपटून टाकायचं, एवढंच घरच्यांचं काम. खिडकी कुठं काढायची, पलंग कुठल्या भिंतीला लावायचा, हे ग्लेनिसचं कधीच ठरून गेलं होतं.

दुपारी ती अस्तर गुंडाळत गुंडाळत पार कोपऱ्यातल्या भिंतीपर्यंत पोचली. तिथं लोकरीवर काळे दाणे पडले होते, ओंजळभर तरी.

"उंदीर झालेत रे," ती ओरडली. "झाडू दे वर."

झाडू घेऊन विल्फच वर आला. त्याच्या हृदयाची झडप बदललेली, डॉक्टरांनी शिडी चढू नको म्हणून बजावलेलं. पण सांगतो कोण आणि ऐकतो कोण. त्याने एक दाणा उचलला आणि दोन बोटांत चुरडला. त्याचं पीठ झालं. टॉर्चच्या उजेडात ते बारीक चमकत होतं.

"उंदराची लेंडी चुरडत नाही, ग्लेन. दगडासारखी असते. यात खाल्लेल्या किड्यांचे पंख आहेत. वटवाघळं आहेत इथं."

"असू देत. मी झाडून टाकते."

"झाडायचं नाही. त्यांना हात लावायचा नाही, त्यांची फट बुजवायची नाही. कायदा आहे."

"कायदा! आणि बघायला कोण येतंय रे?"

"अठरा तारखेला कोर्टात पोर मागायला जायचंय आपल्याला," विल्फ म्हणाला. "तिथं कुणी बोट दाखवायला नको. जे काय करायचं ते सरळ करायचं."

ग्लेनिसच्या हातात झाडू होता. दोन मिनिटांचं काम होतं. तिच्या मनात आलं, याला खाली ढकलावं आणि झाडून मोकळं व्हावं. पण त्याचं म्हणणं खरं होतं. मेला नेहमी खरंच बोलायचा, तीच तर त्याची खोड. तिने झाडू त्याच्या हातात कोंबला आणि ती शिडी उतरली.

गुरुवारी विल्फने बोलावलेले पिकर्सगिल नावाचे गृहस्थ आले. निवृत्त शाळामास्तर, वटवाघळांच्या मंडळाचे स्वयंसेवक. दारातच बूट काढून मोज्यांवर वर गेले, अर्धा तास तिथं राहिले आणि उतरले ते लग्नघरातून आल्यासारखे हसत.

"अभिनंदन! उन्हाळ्यात माद्या पिल्लं वाढवतात इथं. शंभरेक तरी असतील. एवढीएवढीशी, अंगठ्याएवढी. फार भाग्याचं घर आहे तुमचं."

"काम कधी सुरू करता येईल?" ग्लेनिसने विचारलं.

"आधी मोजणी लागेल. ती मे ते ऑगस्ट. मग परवाना. पिल्लं उडून गेली, की ऑक्टोबरात..."

"ऑक्टोबर."

"सगळं नीट पार पडलं तर," पिकर्सगिल म्हणाले, आणि आता कुठं त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचं हसू ओसरलं. दिलगीर आहोत, दिलगीर आहोत, असं दोनदा म्हणून त्यांनी बूट चढवले.

ते गेल्यावर ग्लेनिस जिन्यात खोक्यांच्या मधे बसून राहिली. जेवायलाही उठली नाही. शंभर वटवाघळांच्या पोरांना या घरात जागा आहे, आणि माझ्या एका नातीला नाही? तिला वटवाघळांचा राग आला, विल्फचा आला, गेलेल्या जोआनचा तर इतका आला, की तिने तोंडावर हात दाबून धरला. जोआन असताना एकदा ती पिऊन दाराशी आली, तेव्हा ग्लेनिसने दार लावून घेतलं होतं, उघडलंच नव्हतं. आता दार उघडायचं म्हटलं तरी जोआन उरली नव्हती, आणि तिची जी एक पोर उरली होती तीही हातची निसटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्फ टोस्ट पुढे घेऊन म्हणाला, "चॅपलच्या मागे म्हाताऱ्यांचे फ्लॅट आहेत ना, तिथं एक रिकामा झालाय. मी काल जाऊन नाव दिलं."

"कुणाचं नाव?"

"कुणाचं म्हणजे? माझं. मागची खोली पोरीला दे."

"तू तर त्याला मरणाची वेटिंग रूम म्हणतोस!"

"मग जाऊन बसतो. नंबर लवकर लागेल."

"विल्फ, थट्टा नको. त्या खोलीत जन्मलास तू."

"जन्मलो. मरायलाही तीच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?" तो चहात बघत म्हणाला. "चार वर्षांची आहे गं ती. मी त्रेसष्ट वर्षं राहिलो की."

ग्लेनिसने त्याच्या टोस्टवर लोणी लावलं, आणि लावलेलंच आहे हे न कळून पुन्हा लावलं. विल्फने तो तसाच खाल्ला आणि वर गेला. थोड्या वेळाने कप्पे उघडल्याचे, पलंग सरकवल्याचे आवाज येऊ लागले.

नऊच्या ठोक्याला तिने इमोजेनला फोन लावला.

"अगं पोरी, ऐक. माळ्याचं राहू दे. खोली मिळाली! मागची. आजच्या आज रिकामी होतेय, वाटलं तर संध्याकाळी येऊन बघून जा."

पलीकडून नुसता कागद चाळल्याचा आवाज आला.

"ऐकतेस ना? दहा फूट बाय नऊ. सकाळी ऊन येतं."

"ग्लेनिस," इमोजेन हळूच म्हणाली, "तुम्ही खरंच माळा रिकामा करत होतात?"

"म्हणजे काय? तूच म्हणालीस ना, जागा कमी पडतेय."

"हो. म्हणाले मी. मला तेव्हा एकदम सगळं... ते घर बघून खरं बोलवेना हो. प्रश्न खोलीचा नव्हता. तुमचं वय, तुमच्या भावाची तब्येत. आणि टॅबिथा दोन वर्षं त्या दुसऱ्या कुटुंबात आहे, तिथल्या बाईंना ती आई म्हणते. ते तिला दत्तक घेताहेत. आम्ही कोर्टाला तसंच लिहिलंय. पत्र सोमवारीच टाकलं मी, तुम्हाला आज-उद्या मिळेल."

"पण खोली आहे," ग्लेनिस म्हणाली.

"तुम्हाला पत्र लिहिता येईल तिला. वर्षातून दोनदा. फोटोही मागता येईल."

"सकाळी ऊन येतं," ग्लेनिस पुन्हा म्हणाली. मग तिने सवयीने आभार मानले आणि फोन ठेवला.

ती जिना चढून गेली. विल्फने गादी उभी करून ठेवली होती, पलंग अर्धा दारात आणला होता, शर्टांच्या घड्या घालून सूटकेस भरली होती. त्याला घाम फुटला होता आणि तो हसत होता.

"काय म्हणाली? कधी येतेय?"

"आधी हा पलंग जागेवर ठेवू," ग्लेनिस म्हणाली. "तुझी पाठ जाईल."

विल्फचं हसू मावळलं. मग त्याने वाकून एक टोक धरलं. दुसरं तिने धरलं.