पाय टेकायचे नाहीत

"रिक्षा थांबवून ठेवू का?" बाळ केतकरने कुंपणापलीकडून विचारलं. "परत जाताना लागेलच."

हसायला शेजारी उभे असलेले दोघं होतेच. उल्काने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने पदर खोचला आणि स्कूटी रांगेत पुढे सरकवली.

आरटीओच्या मैदानावर चुन्याने इंग्रजी आठ काढलेला होता. त्यावरून गाडी फिरवायची आणि पाय टेकायचा नाही. टेकला की नापास. उल्का दोनदा टेकून घरी गेली होती. आज तिसरी खेप. वीस वर्षं ज्यांच्याकडे टायपिंग केलं त्या वकिलांनी टाइपरायटर भंगारात काढला, आणि औंधच्या कॉम्प्युटर कंपनीने तिला सकाळी सातच्या पाळीला बोलावलं. नारायण पेठेतून त्या वेळी औंधला वेळेवर पोचवणारी बस मिळेल तर शपथ. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. आज पाय टेकला तर नाही.

बाळ वाईट माणूस होता असं नाही हो. 'तुला जमायचं नाही' हे वाक्य त्याच्या जिभेवर बसलं होतं, इतकंच. गॅसचा रेग्युलेटर लावणं असो, बँकेत जाणं असो, वाक्य तेच. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर उल्का ते त्याच्या आधीच म्हणून मोकळी व्हायची.

"पुढच्या बाई, चला," इन्स्पेक्टर म्हणाले. "टेकलात तर महिन्याने या."

पहिल्याच वळणाला हॅंडल डगमगलं. उल्काने चाकाकडे पाहिलं, चुन्याच्या रेघेकडे पाहिलं, आणि डावा पाय शिवशिवायला लागला. आता टेकणार.

"खाली बघायचं नाही!"

कुणी ओरडलं नव्हतं. तिलाच आठवले टायपिंग क्लासचे रामदास मास्तर. मुलींच्या हातांवर पुठ्ठा धरायचे, म्हणजे अक्षरं दिसू नयेत. मान खाली गेली की पट्टी. त्या क्लासात तिला जमायचं नाही असं कुणी म्हणालं नव्हतं. जमेपर्यंत उठूच दिलं नव्हतं.

उल्काने मान वर केली. ए एस डी एफ जी एफ, डाव्या हाताची अक्षरं, डावं वळण. सेमीकोलन एल के जे एच जे, उजव्या हाताची, उजवं. पुन्हा ए एस डी एफ. रेघ कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं. गाडी वळत होती.

"काय पुटपुटत होतात? मंत्र?" इन्स्पेक्टरांनी सही करताना विचारलं.

"हो," उल्का म्हणाली. तिने पास झाल्याचा कागद घेतला.

बाळने कागद दोनदा वाचला. "बरं झालं," म्हणाला, आणि इकडेतिकडे रिक्षा शोधायला लागला.

"अहो, बसा मागे."

तो बसला. संगम पुलाच्या वळणाला गाडी हळू झाली तशा त्याच्या चपला डांबरावर फर्र करून घासल्या. दोन्ही बाजूंनी.

"पाय वर घ्या."

"पडलो म्हणजे?"

"दोघं पडू. वर घ्या."

पुढच्या वळणाला चपलांचा आवाज आला नाही. भर रस्त्यात बायकोला कधी बोट न लावणाऱ्या बाळचा हात तिच्या खांद्यावर आला आणि त्याने खांदा घट्ट धरला. उल्काला डोळे पुसायचे होते. पण दोन्ही हात हॅंडलवर होते, आणि तिने मान खाली घातली नाही.